धानाच्या बांधीतील सारस कुटुंब
घरट्याचे निरीक्षण, पिल्लांचे संगोपन आणि गावाची जबाबदारी

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठाने पसरलेला गोंदिया जिल्हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. जुलै महिन्यात पाऊस स्थिरावला की येथील शेतकरी कुटुंबे रोवणीच्या कामाला लागतात. त्याच दिवसांत एखाद्या पाणथळ बांधीत राखी रंगाच्या उंच पक्ष्यांची एक जोडी गवत आणि लव्हाळ्याच्या काड्या ओढून आणून घरटे रचू लागते. ही जोडी सारसाची असते. शेतकऱ्याचे पीक आणि सारसाचे पिल्लू ही दोन्ही एकाच बांधीत, एकाच पाण्यावर आणि एकाच हंगामात वाढतात. त्या पिल्लाला पंख फुटतील की नाही, हे बहुतांशी त्या शेतकऱ्यावर आणि त्याच्या गावावर अवलंबून असते.

सारसाचा संसार राखीव जंगलाच्या आत नसतो, माणसाच्या शेतात असतो. म्हणून त्याचे रक्षण एकट्या वनखात्याला साधणारे नाही. घरट्यात काय घडते, किती दिवस घडते आणि कोणत्या क्षणी बाहेरचा धक्का घातक ठरतो, याची माहिती शेतकरी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असेल, तरच हे रक्षण शक्य होते.

सारसाची ओळख

उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस हा जगातील सर्वांत उंच पक्षी होय. पूर्ण वाढलेला नर मान ताठ करून उभा राहिला म्हणजे साडेपाच ते सहा फुटांपर्यंत उंच भरतो. पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे आठ फूट असते. अंगावरची पिसे फिकट राखी, पाय लालसर, आणि डोके व मानेचा वरचा भाग पिसांविना लालभडक असतो. विणीच्या हंगामात हा लाल रंग अधिक गडद होतो. नर व मादी दिसण्यात सारखेच असतात. नर किंचित उंच असतो, एवढाच फरक.

सारसाची जोडी दीर्घकाळ टिकते. जोडीतील एक मेला तर दुसरा झुरून प्राण सोडतो, अशी समजूत उत्तर भारतात सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात एकट्या राहिलेल्या पक्ष्याने पुन्हा जोडी जमविल्याच्या नोंदी आहेत. तथापि या समजुतीमुळे पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्याला अभय मिळाले, हेही तितकेच खरे. आदिकवी वाल्मीकींच्या शोकाला कारण झालेला क्रौंच पक्षी म्हणजे सारसच असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

नर-मादी मिळून जे द्विस्वर कूजन करतात, ते दूरवर ऐकू जाते. दोघेही मान उंचावून चोच आकाशाकडे करतात आणि एकाच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज मिसळत जातो. हे कूजन म्हणजे त्या जोडीने आपल्या हद्दीची केलेली घोषणाच असते. सारस स्थलांतर करून परदेशी जात नाही. पावसाळ्यात बांधीत, हिवाळ्यात धानाच्या कापलेल्या रानात आणि उन्हाळ्यात मोठ्या तलावांच्या व नदीच्या काठी, असा त्याचा वर्षभराचा फेरा साधारणपणे एकाच परिसरात चालतो.

तलावांचा प्रदेश

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी उताराचा अंदाज घेऊन मातीच्या पाळी घातल्या आणि पाणी अडविले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी या भागात ख्याती आहे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर ते शासनाकडे आले. त्यामुळे आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यात 'मामा तलाव' असे म्हणतात.

या तलावांच्या उथळ कडा, त्यांत वाढणारे देवधान व लव्हाळे, पाळीखालच्या ओलिताच्या बांध्या आणि शेतातील लहान बोड्या यांची मिळून एक साखळी तयार होते. सारसाला नेमके हेच हवे असते. पाणवनस्पतींचे कंद, सांडलेले धान, नाकतोडे, बेडूक, गोगलगाई व लहान मासे हे त्याचे खाद्य या साखळीत त्याला वर्षभर मिळते.

एके काळी सारस विदर्भात आजच्यापेक्षा विस्तृत भागात आढळत असे. आता महाराष्ट्रातील त्याचे नियमित वास्तव्य मुख्यतः गोंदिया आणि काही अंशी भंडारा जिल्ह्यापुरतेच उरले आहे. बाघ व वैनगंगा यांच्या पलीकडे मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातही सारस आहेत. राज्याची सीमा पक्ष्यांना ठाऊक नसल्यामुळे हे दोन्ही काठ मिळून एकच वस्ती मानावी लागते. उत्तर प्रदेशात सारस हा राज्यपक्षी असून तेथे त्यांची संख्या हजारोंनी मोजली जाते. गोंदियात मात्र चालू शतकाच्या आरंभी ते बोटांवर मोजण्याइतकेच राहिले होते. 'सेवा' या स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते, वनविभाग आणि शेतकरी यांच्या प्रयत्नांनी २०१९ च्या सुमारास ही संख्या चाळिसाच्या आसपास पोहोचली. २०२० नंतरच्या वर्षांत ती पुन्हा तिसाच्या घरात उतरल्याचे उन्हाळी गणनेत दिसून आले. तीस पक्ष्यांच्या वस्तीत एक पक्षी मेला तर तीन टक्क्यांहून अधिक हानी होते. म्हणूनच येथे प्रत्येक घरट्याला आणि प्रत्येक पिल्लाला महत्त्व आहे.

घरट्याची जागा व रचना

सारस झाडावर घरटे करीत नाही. उथळ पाण्यात, सभोवार नजर पोहोचेल अशा मोकळ्या जागी तो घरटे बांधतो. तलावाची उथळ कड, बोडीचा काठ, पडीक पाणथळ किंवा रोवणी झालेली बांधी अशा जागा तो निवडतो. नर व मादी दोघेही भोवतालच्या काड्या, गवत, लव्हाळे व धानाचे बुंधे उपटून एका जागी फेकतात आणि त्यांचा ढीग रचतात. पाण्यावर डोके काढणारे हे बेट कधी कधी दोन मीटर रुंद होते. पाऊस वाढून पाण्याची पातळी चढू लागली तर जोडी आणखी काड्या आणून घरटे उंच करण्याचा प्रयत्न करते. घरट्याभोवतीचे पाणी हे कोल्ह्या-कुत्र्यांपासून रक्षण करणारा खंदकच असते. त्यामुळे बांधीतील पाणी एकाएकी काढून टाकले तर अंडी उघडी पडतात, आणि एकाएकी जास्त सोडले तर ती बुडतात.

अंडी पांढुरकी असून बहुधा दोन असतात. कधी एक, क्वचित तीन. दोन अंड्यांमध्ये साधारण दोन दिवसांचे अंतर असते. ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वीच टिपली गेली आहे. सतराव्या शतकात मोगल बादशहा जहांगीर याने लैला व मजनू या नावांनी पाळलेल्या सारसांच्या जोडीचे बारकाईने निरीक्षण करविले आणि ते आपल्या आत्मचरित्रात नोंदविले. दोन अंड्यांमधील ४८ तासांचे अंतर आणि उबवणीचे ३४ दिवस या त्याच्या नोंदी आधुनिक शास्त्राच्या कसोटीलाही उतरल्या आहेत. दररोज त्याच ठिकाणी पाहून तारीख-वार टिपून ठेवणे एवढेच त्यासाठी करावे लागले. हे साधन गावच्या शाळेलाही उपलब्ध आहे.

चौतीस दिवसांचा पहारा

अंडी उबविण्यास ३१ ते ३४ दिवस लागतात. हे काम नर व मादी पाळीपाळीने करतात. रात्रीची पाळी बहुतेक मादीची असते. एक पक्षी अंड्यांवर बसलेला असताना दुसरा जवळच्या बांध्यांतून चरत असतो आणि वारंवार मान वर करून घरट्याकडे पाहतो. पाळी बदलताना येणारा पक्षी सावकाश चालत घरट्यापाशी पोहोचतो आणि बसलेला उठतो. जाता जाता दोघेही घरट्यावर दोन-चार काड्या टाकतात. मधून मधून अंडी चोचीने हलकेच उलटविली जातात, म्हणजे त्यांना सर्व बाजूंनी सारखी ऊब मिळते. काही कारणाने दोघांनाही घरटे सोडावे लागले तर अंड्यांवर काड्या ओढून ती झाकण्याचा प्रयत्न केला जातो.

कावळे ही या काळातील मोठी धास्ती असते. माणूस जवळ गेला, पक्षी उठला आणि दूर जाऊन उभा राहिला, की कावळ्याला संधी मिळते. म्हणजे अंड्याला हात न लावताही केवळ कुतूहलापोटी घरट्याजवळ गेलेला माणूस अंडी फुटण्यास कारणीभूत ठरू शकतो. छायाचित्र काढण्याच्या हौसेने होणारी हानी बहुतेक वेळा अशाच प्रकारची असते. उघड्या पडलेल्या अंड्यांना मुसळधार पाऊस आणि पावसाच्या उघडिपीतील कडक ऊन हे दोन्ही बाधतात.

या दिवसांत शेतात निंदण चालू असते. बायामाणसांचे थवे रोज बांधीत उतरतात. असे असूनही अनेक घरटी यशस्वी होतात, कारण रोजच्या माणसांची व त्यांच्या ठरलेल्या हालचालींची पक्ष्यांना सवय होते. वाकून काम करणारी, आपल्या मार्गाने जाणारी माणसे त्यांना तितकीशी भीतीची वाटत नाहीत. घरट्याकडे रोखून पाहत सरळ चालत येणाऱ्या अनोळखी माणसाचे मात्र त्यांना भय वाटते. घरट्याभोवतीची थोडी जागा निंदणाशिवाय सोडून दिली तर जोडी तग धरते.

पिल्लांचे संगोपन

दोन्ही अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. पहिले पिल्लू बाहेर आल्यावर दुसऱ्यासाठी एक-दोन दिवस वाट पाहावी लागते. फुटलेल्या कवचांचे तुकडे आईबाप घरट्यातून उचलून दूर टाकतात किंवा गिळून टाकतात.

सारसाचे पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखे उघडे व असहाय जन्मत नाही. त्याच्या अंगावर बदामी-तांबूस लव असते, डोळे उघडे असतात आणि थोड्याच वेळात ते पायांवर उभे राहते. एक-दोन दिवसांत ते घरटे सोडून आईबापांच्या मागे चालू लागते. वेळ पडल्यास पोहतेही. आरंभीचे काही दिवस आईबाप किडे, लहान बेडूक वगैरे चोचीत धरून त्याच्यापुढे करतात. पुढे ते स्वतःच टिपू लागते. आईबाप हळू, घुमणाऱ्या आवाजात पिल्लांना जवळ बोलावतात, आणि धोका दिसताच इशारा देतात. इशारा ऐकताच पिल्लू जागच्या जागी निश्चल होते. धानाच्या हिरव्या-पिवळ्या बुंध्यांत दडलेले ते पिल्लू मग दहा पावलांवरूनही दिसत नाही. पहिल्या दिवसांत रात्री व पावसात ते मादीच्या पंखांखाली शिरते.

दुसरे पिल्लू एक-दोन दिवसांनी लहान असल्यामुळे खाण्यात व चालण्यात मागे पडते. अन्न विपुल असेल तर दोन्ही वाढतात, एरवी एकच तग धरते. शिवारात आईबापांबरोबर दोन मोठी पिल्ले दिसली तर तो हंगाम चांगला गेला, असे समजावे.

धान पोटरीत येते तेव्हा पिल्ले गुडघाभर उंच झालेली असतात. लोंब्या पिकू लागतात तेव्हा त्यांच्या तांबूस लवेतून राखी पिसे डोकावू लागतात. कापणीच्या सुमारास ती उंच झालेली असतात, परंतु अनेकांना नीट उडता येत नसते. सुमारे तीन महिन्यांचा हा काळ सर्वांत नाजूक होय. अंडी वाचली म्हणून अनेकदा लक्ष शिथिल होते, आणि नेमक्या त्याच वेळी उडता न येणाऱ्या पिल्लांच्या अंगावर मोकाट कुत्री धावून जातात. पिल्ले उडू लागल्यानंतरही पुढील विणीच्या हंगामापर्यंत कुटुंब एकत्रच असते. हिवाळ्यात सकाळी तलावाकाठी दोन राखी पक्षी आणि त्यांच्यामध्ये तपकिरी छटेच्या मानेचा एक तरुण पक्षी असा संच दिसला, म्हणजे त्या गावाच्या शिवाराने एक पिल्लू वाढविले, असे खुशाल समजावे.

कुटुंबापुढील संकटे

सारसाच्या घटत्या संख्येची कारणे गूढ नाहीत. ती चार-पाच ठळक बाबींत सांगता येतात.

पहिले कारण पाणथळ जागांचा ऱ्हास हे होय. तलाव गाळाने भरतात, कडांवर अतिक्रमण होते, आणि बेशरम या झुडुपाने उथळ भाग व्यापला की देवधान व लव्हाळे नाहीसे होतात. मग घरट्याला जागा आणि पिल्लाला अन्न दोन्ही उरत नाही.

दुसरे कारण कीटकनाशके. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अनेक सारस मृत्युमुखी पडले. आसपासच्या शेतांत वापरलेले आल्ड्रिन हे कीटकनाशक त्यास कारणीभूत असल्याचे तपासणीत आढळून आले. पुढे २००० साली तेथेच मोनोक्रोटोफॉसमुळे पुन्हा सारस दगावले. विषारी औषध लावलेले बियाणे पक्ष्यांनी टिपले तर परिणाम तत्काळ होतो. फवारणीने किडे व बेडूक नाहीसे झाले तर पिल्लू उपाशी राहते.

तिसरे कारण विजेच्या तारा. एवढा मोठा पक्षी जड अंगाने वर चढतो आणि धुक्यात किंवा संधिप्रकाशात तारा त्याला दिसत नाहीत. उत्तर प्रदेशातील इटावा-मैनपुरी परिसरात के. एस. गोपी सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दरवर्षी सुमारे एक टक्का सारस तारांना बळी पडतात, असे दिसून आले. ज्या वस्तीत पक्षीच तीस-चाळीस, तेथे एका अपघाताचेही मोल फार मोठे असते.

याशिवाय अंडी उचलणे, मोकाट कुत्री आणि पर्यटकांची गर्दी ही कारणे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सारसाची शिकार करणे, त्याची अंडी काढणे किंवा घरटे मोडणे हा गुन्हा आहे. पिल्लू पकडून घरी पाळणे हेही कायद्याविरुद्ध आहे, मग हेतू दयेचा का असेना.

शेतकऱ्याची संमती

पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक, पर्यावरणतज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी १९८० नंतरच्या दशकात सारसांचा व त्यांच्या अधिवासाचा अभ्यास केला होता. त्यानंतर उत्तर प्रदेशात झालेल्या दीर्घ अभ्यासांतूनही एक निष्कर्ष पुनःपुन्हा पुढे आला. भारतातील बहुसंख्य सारस अभयारण्यांच्या बाहेर, शेतीच्या प्रदेशात राहतात, आणि शेतकऱ्यांच्या सहिष्णुतेवरच ते टिकून आहेत.

या सहिष्णुतेची किंमत शेतकऱ्याला किती पडते, याचा हिशेब मांडून पाहणे योग्य होईल. दोन मीटर व्यासाचे घरटे सुमारे तीन चौरस मीटर जागा व्यापते. भोवतालचे बुंधे उपटले व तुडविले जातात ते धरले तरी एकंदर नुकसान एका लहान वाफ्याइतके भरते. एका एकरात चार हजारांहून अधिक चौरस मीटर जागा असते. त्या मानाने हे नुकसान अल्प आहे. परंतु ज्याच्याकडे एक-दीड एकरच जमीन आहे, त्याला 'अल्प' हा शब्द दुसऱ्याने सांगणे शोभत नाही. त्याने मोकळ्या मनाने हे नुकसान सोसावे असे वाटत असेल, तर गावाने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. ग्रामसभेत त्याचे नाव घेऊन सत्कार करणे, घरट्याच्या राखणीत त्याला मदत करणे आणि त्याच्या बांधीत विनापरवाना कोणी शिरणार नाही याची हमी देणे एवढे तरी गाव निश्चितच करू शकते. पक्षी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी धुरे तुडविले आणि पीक आडवे केले, तर पुढच्या वर्षी तो शेतकरी घरटे बांधू देईल, अशी अपेक्षा कशी करावी?

गोंदिया जिल्ह्यात याच जाणिवेने काम होत आले आहे. घरटे आढळले की स्वयंसेवक प्रथम शेतमालकाला भेटतात, त्याला पक्ष्याची माहिती देतात आणि घरट्यावर दुरून लक्ष ठेवण्याचे काम बहुधा त्याच्यावरच सोपवितात. ज्याचे शेत, तोच राखणदार, ही व्यवस्था सर्वांत परिणामकारक असते. शेतात रोज सकाळ-संध्याकाळ जाणारा दुसरा कोण आहे?

पाहणे हाच पहारा: स्कॉटलंडचा अनुभव

घरट्याची माहिती लपवावी की लोकांना द्यावी, हा प्रश्न जगात इतरत्रही उभा राहिला आहे. मासे पकडून जगणारी मोरघार हिवाळ्यात महाराष्ट्रातील मोठ्या जलाशयांवर येते. ब्रिटनमधील मोरघारी शिकारीमुळे व अंडी जमविणाऱ्या हौशी लोकांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी विणीतून नाहीशा झाल्या होत्या. १९५४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉक गार्टन या सरोवराजवळ एका जोडीने पुन्हा घरटे केले. ते गुप्त ठेवण्यात आले. तरीही १९५८ मध्ये रात्रीच्या काळोखात घरट्यातील अंडी लुटण्यात आली. तेव्हा १९५९ मध्ये तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने धोरण बदलले. झाडाभोवती काटेरी तारांचे कुंपण घातले, रात्रंदिवस पहारा बसविला आणि ठरावीक अंतरावर निरीक्षणगृह उभारून सर्वसामान्य लोकांना दुर्बिणीतून घरटे दाखविण्यास सुरुवात केली. त्या हंगामात हजारो लोक येऊन गेले आणि पिल्ले सुखरूप उडाली. आज ब्रिटनमध्ये मोरघारींच्या दोनशेहून अधिक जोड्या वीण करतात.

लोकांना दूर ठेवूनच संरक्षण होते असे नाही. लोकांना योग्य अंतरावर, योग्य शिस्तीने जवळ आणूनही ते होते. मात्र अंतर, शिस्त आणि पहारा या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या पाहिजेत. त्यांतील एक वगळली तर घरट्याची प्रसिद्धी हीच त्याच्या नाशाचे कारण होते.

ग्रामपंचायतीने काय करावे

तलावांची देखभाल, मासेमारीचे ठेके, मोकाट कुत्री, गावातील वीजवाहिन्या आणि शेतरस्ते या विषयांवर ग्रामपंचायतीत वरचेवर चर्चा होते. हेच विषय सारसाच्या जीवनमरणाचे आहेत. त्यासाठी स्वतंत्र योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. नेहमीच्या कामांत पुढील बाबींकडे लक्ष पुरविले तरी पुष्कळ साधेल.

तलावाचा गाळ काढताना सर्व कडा सरसकट खोल करू नयेत. उथळ भाग राखून ठेवावा. बेशरम मुळासकट काढून देवधान व स्थानिक पाणवनस्पतींना वाव द्यावा. अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर समाजाच्या लोकांनी काही तलावांत अशा प्रकारे स्थानिक वनस्पतींची लागवड केली आहे. त्यातून मासे व पक्षी दोहोंना लाभ होतो, म्हणजे मच्छीमारांचे हितही यात आहे.

घरटे असलेल्या बांधीचे पाणी जुलै ते सप्टेंबर या काळात एकाएकी सोडू अगर अडवू नये. पाणीवाटप करणाऱ्या व्यक्तीला याची आगाऊ कल्पना द्यावी. घरट्याच्या लगतच्या बांध्यांत फवारणी टाळावी व औषधांचे रिकामे डबे तलावात धुऊ नयेत. हे पाणी गुरेही पितात, हे लक्षात ठेवावे.

सारस रोज ज्या वाटेने तलावाकडे ये-जा करतात, त्या वाटेत वीजवाहिनी असेल तर त्याची लेखी माहिती वीज कंपनीस व वनविभागास द्यावी. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशी साधने बसविणे, किंवा आवश्यक तेथे आवरणयुक्त तारा वापरणे, हे उपाय उपलब्ध आहेत. नवीन वाहिनी टाकण्यापूर्वीच ही बाब निदर्शनास आणणे अधिक सोयीचे असते. कापणीच्या दिवसांत, पिल्लांना पूर्ण उडता येईपर्यंत, कुत्र्यांना त्या शिवारापासून दूर ठेवावे.

शाळांसाठी निरीक्षण-पाठ

परिसर अभ्यासाच्या दृष्टीने घरट्याचे निरीक्षण हा उत्तम पाठ आहे. त्यासाठी शिक्षकांनी पुढील पद्धत अवलंबावी.

निरीक्षणाची जागा एकच ठरवावी व ती बदलू नये. अंतर किती असावे याचा निर्णय पक्षीच देतो. तो मान ताठ करून पाहू लागला तर निरीक्षक जवळ आले आहेत असे समजावे. तो अंड्यांवरून उठला तर ते फारच जवळ आले आहेत, आणि तत्काळ मागे फिरावे. एका वेळी चार-पाचच विद्यार्थी असावेत. कपडे भडक नसावेत, बोलणे हळू असावे, आणि शेतमालकाची परवानगी प्रत्येक हंगामात नव्याने घ्यावी.

वहीत तारीख, वेळ, हवामान, बांधीतील पाण्याची साधारण पातळी, अंड्यांवर बसलेला पक्षी, पाळी बदलल्याची वेळ, घरट्याजवळ आलेले इतर प्राणी आणि त्या दिवशी शेतात चाललेले काम, एवढ्या नोंदी कराव्यात. पिल्ले दिसू लागल्यावर त्यांची संख्या व आईबापांपासूनचे अंतर टिपावे. जे दिसले तेच लिहावे. अंदाज लिहायचा असेल तर तो अंदाज म्हणून वेगळा लिहावा. महिन्या-दोन महिन्यांच्या अशा नोंदींतून दिवस मोजणे, तक्ता तयार करणे, आलेख काढणे आणि कारण शोधणे या गोष्टी विद्यार्थी पुस्तकाविना शिकतात. घरटे अपयशी ठरले तरी वही बंद करू नये. ते का अपयशी ठरले, याची नोंद तर अधिक मोलाची असते.

सारस सर्वत्र नाही म्हणून हा पाठ इतर जिल्ह्यांतील शाळांनी सोडून देण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे गाव घेतले, तर तो कपाशी-सोयाबीनचा मुलूख आहे. तेथे सारस दिसणार नाही, परंतु टिटवी निश्चित दिसेल. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते. नर-मादी ती जवळजवळ महिनाभर उबवितात आणि त्यांची पिल्लेही सारसाच्या पिल्लांप्रमाणे थोड्याच वेळात चालू लागतात. आईबापांचा इशारा होताच तीही मातीत दबून बसतात. वखरणी करताना दोन तासांएवढी जागा सोडणारा शेतकरी आणि दुरून तारीख-वार टिपणारा विद्यार्थी यांची जोडी तेथेही जमू शकते. याच तालुक्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य आहे. माळावर व शेताच्या कडेला जगणाऱ्या प्राण्यांशी जुळवून घेण्याचा प्रश्न त्या परिसराला नवा नाही.

समारोप

सारसाचे अंडे घातले गेल्यापासून त्यातील पिल्लाने आकाशात झेप घेईपर्यंत चार महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. धानाचे पीक पऱ्ह्यांपासून खळ्यापर्यंत येण्यासही जवळपास तितकाच काळ जातो. या काळात शेतकरी आपल्या पिकाकडे रोज एक नजर टाकतोच. तीच नजर पाच-पन्नास पावले पुढे, घरट्यापर्यंत गेली तर राखणीसाठी वेगळा माणूस नेमावा लागत नाही.

दरवर्षी जून महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे तलावांच्या व नदीच्या काठी सारसांची गणना होते. त्या दिवशी कागदावर उमटणारा आकडा मागील हंगामात किती बांध्यांतून पिल्ले सुखरूप बाहेर पडली, याचा हिशेब असतो. तो आकडा वाढावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात जूनच्या गणनेत नव्हे, आदल्या वर्षीच्या रोवणीत, एखाद्या शेतकऱ्याने घरट्याला वळसा घालून पुढची ओळ रोवली, त्या दिवशी करावी लागते.